मेंढीच्या पोटाएवढे पाणी

ज्या गावाविषयी मी लिहिणार आहे, त्याचे नाव या लेखाच्या अगदी शेवटी येईल. वाचकाला ताटकळत ठेवण्याची हौस म्हणून नव्हे. ज्यांच्या घरी मी उतरले होते त्या बाईंनी तशी अट घातली होती, आणि ती अट का घालावी लागली हे सांगणे हाच या लेखाचा विषय आहे. तूर्त एवढे पुरे, की सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो त्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात, एका उथळ तलावाच्या काठी ते गाव आहे.

मी चिपळूणची. सारी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. ‘हिवाळ्यात येणारे पाहुणे पक्षी’ हा पाठ शिकवताना रोहित पक्ष्याचे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढीत असे: उंच काटकुळे पाय, वाकडी चोच, पंखाखाली लाल रंग. प्रत्यक्ष पक्षी मात्र पाहिला नव्हता. माझा एक जुना विद्यार्थी आता पक्ष्यांची छायाचित्रे काढत हिंडतो. त्याने या तलावाचा पत्ता आणि शालनताईंचा फोन दिला. “बाई, दोन वर्षांपूर्वी मी तिथे पाण्यात शिरून फोटो काढलेत. डिसेंबरात जा,” असे तो म्हणाला. मी गेले.

कोयनानगर

कुंभार्ली घाट चढून वर आले की हवा बदलते, पण पाणी तेच असते. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस कोयनेच्या धरणात साठतो, डोंगराच्या पोटातून खाली कोसळून वीज देतो, आमच्या वाशिष्ठीत उतरतो आणि शेवटी समुद्राला मिळतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला मात्र ढग रिकामे होऊन पोचतात. वर्गात मी हे पर्जन्यछायेच्या आकृतीने समजावीत असे. एका बाणाच्या दोन टोकांना किती निरनिराळी माणसे राहतात, हे आकृतीत दाखवता येत नाही.

धरणाजवळच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने माझ्या हातातल्या लांब दांड्याच्या छत्रीकडे पाहिले.

“आवं बाई, पाऊस जाऊन दोन म्हयनं झालं.”

“उन्हासाठी आहे,” मी म्हणाले.

“मग ठेवा. पुढं लागंल. तिकडं सावली इकत घ्यावी लागती.”

कोरेगाव

साताऱ्याला बस बदलून दुपारी कोरेगावला पोचले. स्थानकाजवळच्या खानावळीत घेवड्याची उसळ आणि ज्वारीची भाकरी मिळाली. हा घेवडा या भागाचा मान आहे. दाण्यावर लाल रेघा असतात आणि शिजला तरी तो मोडत नाही. आमच्याकडे उसळीला नारळाचे वाटण लागते. येथे शेंगदाण्याचा कूट. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली, त्या समाधानात छत्री खानावळीतच विसरले, ती आणायला परत गेले आणि तेवढ्यात बस सुटली. दुसरी बस दोन तासांनी होती. खानावळीच्या मालकिणीने मला घेवडा निवडायला बसवले. “रिकामं बसून करताय काय, बाई?” एवढेच ती म्हणाली. तो वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही.

तलाव: पहिला दिवस

शालनताई पन्नाशीच्या आहेत. घर मेंढपाळाचे, आता थोडी ज्वारी, थोडी डाळिंबेही आहेत. दारात येताच त्यांनी पाय धुवायला तांब्या दिला. मी सवयीने तो सगळा ओतला. नंतर माझ्या लक्षात आले की घरातले प्रत्येक माणूस कढीपत्त्याच्या आळ्यात उभे राहून पाय धुते. दुसऱ्या दिवसापासून मीही तेथेच उभी राहू लागले.

पाठीमागे नव्या बांधलेल्या दोन खोल्या होत्या. दोन हिवाळ्यांपूर्वी पक्षी पाहणारे काहीजण ओसरीवर झोपले, गेल्या हिवाळ्यात आणखी आले, म्हणून त्यांनी या खोल्या बांधल्या. चुना अजून पांढरा होता. आत माझ्याशिवाय कोणी नव्हते.

संध्याकाळी त्या मला तलावावर घेऊन गेल्या. तलाव काठोकाठ भरलेला होता. बांधाच्या भिंतीवर सिमेंटची बाके, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, ‘स्वागत’ अशी कमान. पाणी निळे, स्वच्छ आणि अगदी निर्मनुष्य, किंबहुना निष्पक्षी. दूर मध्यावर काही बदके ठिपक्यांसारखी होती. काठाशी दोरीने बांधलेला एक पक्षी तेवढा जवळून दिसला. ती हंसाच्या आकाराची, पायांनी चालवायची प्लास्टिकची नाव होती.

“हे एकच पाखरू हाय बघा यंदा,” शालनताई म्हणाल्या. “तेबी आमी इकत आणलंय.”

“बाकीचे?”

“आले व्हते. दोनदा फिरले वरनं, आन् गेले.”

त्यांच्यामागोमाग पाहुणेही गेले. एक मंडळी दुपारी आली, पाणी फार सुंदर आहे म्हणाली आणि संध्याकाळी निघून गेली. शालनताईंनी हे सांगताना आवाज चढवला नाही. मग त्या म्हणाल्या, “बाई, तुमी लिवता म्हणं कुठंकुठं. आमच्या गावाचं नाव घालू नका. पाखरं न्हाईत तर खोटी जाहिरात कशाला? आली तर मी सांगीन. मग घाला.”

मी कबूल केले.

दुसरा दिवस

काय बिघडले हे मला शालनताईंचे सासरे बापू यांनी दाखवले. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला लाल फेटा, खांद्यावर घोंगडी. मी चिपळूणची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. तरुणपणी दरवर्षी दिवाळीनंतर ते मेंढरे घेऊन घाट उतरत आणि आमच्याकडच्या भातखाचरांत खतासाठी कळप बसवीत.

“तुमच्याकडची मानसं भात द्यायची, सुकट द्यायची. सुकट आमी कुत्र्याला घालायचो.”

“कुत्र्याला?”

“ती चांगली ऱ्हायची त्याच्यावर. आमाला वास सोसायचा न्हाई. पन पाणी लय. व्हढ्याला पाणी, रानाला पाणी, भिताडाला पाणी. येवढं पाणी आन् त्याच्याकडं कुनी बघत न्हाई.”

आम्ही भिंतीच्या समोरच्या, उताराच्या काठावर गेलो. पूर्वी येथून त्यांची मेंढरे पाण्यावर उतरत. यंदा ती वाट काटेरी कुंपणाने बंद केली होती. पाहुण्यांना लेंड्यांचा वास येऊ नये, हे कारण. बापूंनी कुंपण उचलले आणि एक मेंढी कानाला धरून पाण्यात नेली. दोन पावलांतच ती पोहू लागली.

“बघा. पाय टेकत न्हाई. मेंढीच्या पोटाला पाणी लागलं का तिथं लांब पायाचं पाखरू उतरतंय. हे माझ्या बानं मला सांगितल्यालं. मेंढी बुडाली का पाखरू गेलं.”

मी छत्रीचे टोक खाली धरून खोली मोजायला गेले आणि गाळात चप्पल रुतवून बसले. बापूंनी काठीने ती बाहेर काढली व मेंढीच्या शेजारी वाळत ठेवली. मोजमाप मात्र झाले. मेंढीच्या पोटापर्यंतची उंची छत्रीच्या दांड्याच्या मध्यावर येत होती. पाणी मुठीच्याही वर होते. बापूंची मोजपट्टी चालती असली तरी अचूक होती. रोहित पक्षी पाण्यात उभा राहतो, मान खाली घालून चोचीने गाळ गाळतो आणि त्यातले सूक्ष्म जीव खातो. पाय टेकेल एवढेच पाणी त्याला हवे असते. हा तलाव पूर्वी हिवाळ्यापर्यंत आटत येई, म्हणजे गावाची टंचाई हीच पक्ष्यांची सुबत्ता होती.

“मग एवढा भरला कोणी?” मी विचारले.

“गावानं,” बापू म्हणाले. “पाव्हनं येणार म्हणून.”

ही चूक नीट समजून घेतली पाहिजे. ती आळसाने किंवा हावेने झालेली नव्हती. ज्या मुलखात पाहुण्यापुढे रिकामा तांब्या ठेवणे ही नामुष्की, तेथे पाहुण्यापुढे अर्धा तलाव कसा ठेवायचा? उपसा योजनेचे पाणी कालव्याने या भागात आता येऊ लागले आहे. गावाने अर्ज केले, खेटे घातले आणि दिवाळीनंतर तलाव भरून घेतला. पुढाकार सुभेदारांचा होता. ते लष्करातून निवृत्त झालेले असून गावच्या पर्यटन समितीचे अध्यक्ष आहेत. पाणी आले त्या दिवशी म्हणे ते भिंतीवर उभे राहून रडले होते. आमच्या कोकणात ही चूक कोणाच्या हातून झाली नसती, कारण भरलेले पाणी ही आमच्याकडे दाखवायची वस्तूच नाही.

रात्री जेवणात हुलग्याचे माडगे होते. हा हुलगा म्हणजे आमचा कुळीथ. आमचे पिठले लसूण-कोकमाचे, घट्ट. हे पातळ, गुळाचे, वाटीला तोंड लावून प्यायचे. शालनताई माडगे ढवळत म्हणाल्या, “उद्या बैठक लावलीया. वरचं पाणी सोडा म्हणून मी सांगणार हाय. तुमी यायचं.”

“मी परगावची.”

“म्हणूनच.”

तिसरा दिवस

बिरोबाच्या देवळाच्या मंडपात सकाळी वीसेक माणसे जमली. शालनताईंनी म्हणणे थोडक्यात मांडले: पाणी मेंढीच्या पोटापर्यंत उतरवा, नाहीतर पक्षी येणार नाहीत आणि खोल्या गुरे बांधायला घ्याव्या लागतील.

सुभेदार ताठ बसले होते. “वयनी, दोन वर्षं मी त्या ऑफिसात खुर्ची गरम केली. आता म्हणता पाणी सोडा. दुश्मनानंसुद्धा अशी ऑर्डर दिली न्हाई मला.”

“आवं सुभेदार, फेकायचं कुनी म्हणतंय? खालच्या वाडीची ज्वारी पोटऱ्यात हाय, कणसं भाईर पडायचीत. एक पाणी मिळालं तर भरंल.”

खालच्या वाडीचे नाव निघताच मंडपात चुळबुळ झाली. मागे एकदा एडक्यांच्या, म्हणजे नर मेंढ्यांच्या, टकरीवरून दोन्ही गावांत वितुष्ट आले होते.

“त्यास्नी पाणी? त्यांचा एडका आमच्या एडक्याला भिऊन पळाला, आन् अजून म्हणत्यात टाय झाली.”

“आरं गड्या, तो एडका मरून धा वर्षं झाली.”

“मेला तरी पळाल्याला पळाल्यालाच की रं.”

हसणे ओसरल्यावर सुभेदारांनी मूळ भीती बोलून दाखवली. तलाव उपसला की विहिरींचा पाझर बंद होईल आणि चैत्रात गाव टँकरची वाट बघेल. ही भीती खरी होती. तिला उत्तर देणे मला जमण्यासारखे होते, आणि जन्माची सवय सुटत नाही. मी शालनताईंकडून एक परात मागवली, तिची एक बाजू दगडावर टेकवून उचलली आणि आत पाणी ओतले.

“ही खोल बाजू म्हणजे तुमची भिंत. ही उथळ बाजू म्हणजे बापूंची वाट. आता मी दोन तांबे काढून घेते. बघा.”

खोल बाजूला पाणी बोटभर उतरले. उथळ बाजूला ते वीतभर मागे सरकले आणि परातीचा ओला तळ उघडा पडला.

“तलाव परातीसारखा आहे, आडासारखा नाही. थोडे पाणी काढले तरी काठ पुष्कळ उघडतो. भिंतीजवळचे राहते. विहिरींना पाझर तेथूनच आहे.”

सुभेदार उठून परातीजवळ आले. त्यांनी स्वतः एक तांबा परत ओतला, पुन्हा काढला, आणि तीनदा तेच केले. मग ते म्हणाले, “पोझिशन क्लिअर हाय.” आणि काही वेळाने: “पन मेंढीच्या पोटाखाली एक बोट जाता कामा नये.”

“मेंढरं वाटंवर येऊ द्या, मग,” बापू कोपऱ्यातून म्हणाले. “रोज मोजतो. तुमच्या कुंपनाला मोजता येतंय व्हय?”

कुंपण काढायचेही ठरले. कालव्यावरच्या कर्मचाऱ्याला फोन करून विचारले. खालच्या रानाला पाणी देण्यास त्याची हरकत नव्हती.

आम्ही सगळे भिंतीवर गेलो. तळातल्या मोरीचे दार उघडण्यासाठी तेथे एक लोखंडी चाक आहे. शालनताईंनी त्याला गोडेतेल घातले. आणि मग कोणीच पुढे होईना. मी एकेकाकडे पाहिले. प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहत होता. भरलेल्या तलावाचे दार या गावात आजवर कोणी उघडले नव्हते, कारण तो कधी भरलाच नव्हता.

“मी ऑर्डर दिली,” सुभेदार म्हणाले. “हात लावणार न्हाई.”

“शालन, तूच फिरव की.”

“माझ्या हातानं न्हाई व्हायचं. मी मागितलं खरं. पन उद्या विहीर आटली तर समदे माझाच हात धरत्याल. आन् मी बी माझाच धरीन.”

बापूंनी घोंगडी खाली ठेवली आणि माझ्याकडे काठी रोखली. “बाई फिरवत्याल. त्यास्नी पाप लागत न्हाई. त्यांचं पाणी रोज समिंदराला जातंय. सवय हाय त्यास्नी.”

सगळे हसले. मीही हसले, परंतु चाकाला हात लावला तेव्हा हसू राहिले नाही. मी तेथे पाहायला गेले होते. पाहणाऱ्याने वस्तूला हात लावू नये, असे मी सहलीत मुलींना सांगत आले. चाक पाव फेरा फिरले आणि अडकले. मी जोर लावला, ते हलेना. तेवढ्यात सुभेदारांनी कोणाची तरी पहार घेतली, चाकाच्या आऱ्यांत घातली आणि खांदा लावला.

“हात लावणार नव्हता ना, सुभेदार?” कोणीतरी विचारले.

“चाकाला न्हाई लावला. पहारीला लावलाय.”

खालून आधी गाळाचा काळा गोळा बाहेर आला, मग पाणी. ते पाटात वळले. शालनताई पदर सावरून खाली उतरल्या. त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिले, खण-नारळ आणि मूठभर ज्वारी सोडली, सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरतात तशी. खालच्या वाडीच्या दिशेने तो नारळ थोडा वेळ दिसत होता. कोयनेचे पाणी आयुष्यभर माझ्या दारावरून गेले आहे. त्याला कोणी निरोप देताना मी पाहिले नाही. मीही कधी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. पाणी बापूंच्या वाटेवरून चार पावले मागे हटले होते. रोहित पक्षी मला दिसला नाही. माझे एवढ्यापुरते काम राहून गेले, हे नमूद केले पाहिजे.

चिपळूण

परत आल्यावर मी हा मजकूर लिहून ठेवला आणि थांबले. महिनाभर फोन आला नाही. मी स्वतःहून केला नाही, कारण उत्तर नकारार्थी असते तर त्यात माझ्या हाताचाही वाटा असता.

माघात एका सकाळी फोन वाजला.

“बाई, आले. परवा.”

“किती?”

“बापूंनी मोजलं. मेंढरावानी, जोडीजोडीनं. एकोणीस जोड्या आन् एक सुटा.”

“विहिरी?”

“पाणी हाय. सुभेदार रोज दोर सोडून बघत्यात. खालच्या वाडीनं हुरड्याचं पोतं धाडलं. एडक्याचं मात्र अजून टायच म्हणत्यात.”

“आणि तो हंस?”

“चिखलात बसलाय. बापूंनी त्यात कोकरं कोंडलीत. चांगली बसत्यात.” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “पाव्हनं येत्यात. सकाळी आधी मेंढरं पाण्यावर जायची, मागनं पाव्हनं, असा सुभेदारांनी नियम केलाय. मेंढराला पाखरं भीत न्हाईत. मानसाला भितात. आता नाव घाला गावाचं.”

“घालते.”

“पन खोल्या दोनच हायत, तेबी लिवा. तिसरी मी बांधणार न्हाई. तिसरी बांधली का कुनाला तरी परत तळं भरावं वाटंल.”

गावाचे नाव कुरणवाडी. खोल्या दोनच आहेत.